थांबलेली बदली

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. जिच्याकडे घरातल्या कपाटाच्या किल्ल्या असतात, तिला नाही — आणि तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सोपं जातंय का? असेल. ओळखीच्या माणसांत मी गेली कित्येक वर्षं एक चांगला मास्तर आहे. रिटायर व्हायला थोडेच महिने उरलेत. आणखी थोडे दिवस गप्प बसलो असतो तर हे माझ्याबरोबरच गेलं असतं. पण दमलोय हो. चांगला म्हणवून घेऊन माणूस इतका दमतो, हे मला माहीत नव्हतं.

निमित्त अगदी साधं आहे. आमच्या शिक्षक संघटनेची स्मरणिका निघतेय, आणि तिच्यात एक परिसंवाद ठेवलाय — शिक्षकानं वाढायचं असेल तर शाळा बदलत राहावं, की एकाच शाळेत मुरावं? मुरण्याच्या बाजूनं कोण लिहिणार? अर्थात मी. जालना जिल्ह्यात कुठल्याही व्यासपीठावर माझी ओळख एकाच वाक्यात करून देतात — "हे ते सर, ज्यांची बदली थांबवायला गावानं शाळेला कुलूप ठोकलं." टाळ्या पडतात. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

तर लिहायला बसलो. पहिलं वाक्य तयारच होतं — "रोप सारखं उपटून दुसरीकडे लावलं तर ते मूळ धरत नाही." हे वाक्य मी इतक्या सभांत वापरलंय की ते आता आपोआप तोंडातून पडतं. कागदावर उतरवलं आणि त्याच्याकडे बघत राहिलो. शेतकऱ्याच्या पोटचा मी. मिरची घ्या, वांगं घ्या — आधी वाफ्यात रोप करायचं, मग उपटून दुसरीकडे लावायचं, तेव्हा कुठं फळ धरतं. वाफ्यातच ठेवलं तर दाटीनं खुरटतं. हे मला ठाऊक नव्हतं? लहानपणी वाकून वाकून कंबर मोडेपर्यंत रोपं लावलीत मी. आणि समोर बसलेले निम्मे शिक्षक शेतकऱ्यांचीच पोरं — एकानंही कधी टोकलं नाही. आपल्याकडे हार घातलेल्या माणसाला कोणी टोकत नाही.

मग तो लेख बाजूला ठेवला आणि हे लिहायला घेतलं.

आधी गावाबद्दल सांगतो. नाव घेत नाही. जालन्याहून मोटारसायकलवर अर्धा-पाऊण तास. आजूबाजूला मोसंबीच्या बागा, कापूस, मधून एक ओढा, आणि वेशीपाशी चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. माझं घर नवीन जालन्यात, स्टेशनच्या अंगाला. सकाळी गरम पोळी खाऊन निघायचं, दिवेलागणीच्या आत परत. पोरांचं शिक्षण जालन्यात, बायकोचं माहेर जालन्यात. शिक्षकाला आणखी काय पाहिजे? काही शिक्षक मंठ्याच्या टोकाला खोली घेऊन राहतात, शनिवारी एसटीला लोंबकळत घरी येतात, हे मी बघत होतो. आपलं बरं आहे म्हणायचो.

आणि गावात मला मान होता, हे खरं आहे. बापाला शिकवलं, मग त्याच्या पोराला शिकवलं. कोणाच्या घरी काय भाजी शिजते ते मला ठाऊक. हातच्याची वजाबाकी शिकवताना मी भिकाजीअण्णांच्या शेळ्या घ्यायचो. अण्णांच्या शेळ्या कधीच स्वतःच्या शेतात चरायच्या नाहीत, रोज कोणाच्या तरी बांधावर भांडण. मी म्हणायचो, अण्णांच्या दावणीला शेळ्या कमी पडल्या, आता शेजारून दहाचा कळप उसना आणा — आणि अण्णा शेळ्यांमागे कसे पळतात ते करून दाखवायचो. पोरं लोळायची हसून. हसता हसता वजाबाकी यायची. निदान मला वाटायचं की येते.

तीच वजाबाकी मी एकदा दुसऱ्या गावात शिकवली. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत आदर्श पाठ घ्यायचा होता, सगळ्यांनी माझं नाव सुचवलं. मागच्या बाजूला पंचवीस-तीस शिक्षक खुर्च्या टाकून बसलेले. मी शेळ्या काढल्या, अण्णा काढले, पळून दाखवलं. पोरं माझ्याकडे बघतायत, बाहेरून कोणी पाहुणा येऊन वेड्यासारखं करतोय तशी. शेवटी एक मुलगी उभी राहिली आणि अगदी आदबीनं म्हणाली, "सर, हे अण्णा कोण हायेत?"

मी समजावून सांगितलं, अण्णा कोण ते. विनोद समजावून सांगायची पाळी आली की पुढं काय होतं, तुम्हाला माहीत आहे. पाठ संपला. सगळ्यांनी छान झाला म्हटलं. पण परत येताना गाडीवर मला एक गोष्ट कळली, आणि ती मी पुन्हा मनात येऊ दिली नाही — मला शिकवणं येत नव्हतं. मला गाव येत होतं.

आता हे कळल्यावर शहाणा माणूस काय करील? शिकेल. नवीन शाळा मागून घेईल, चार ठिकाणी आपटेल, उठेल. मी काय केलं? मी घाबरलो. त्या दिवसापासून मी व्यासपीठावर मुरण्याबद्दल बोलायला लागलो.

मग एका मे महिन्यात बदल्यांचे आदेश निघाले. माझं नाव होतं. गाव जांब समर्थच्याही पलीकडचं, शाळा सातवीपर्यंतची, आणि गणिताच्या शिक्षकाची जागा. सहावी-सातवीचं गणित! मोठी शाळा, बरोबरीला तरुण शिक्षक, आणि भिकाजीअण्णांना ओळखणारं एकही पोर नाही. आठवड्याभरात माझं पितळ उघडं पडलं असतं. लोकांना मी सांगितलं, म्हातारी आई आहे, प्रवास झेपणार नाही. आईची तब्येत ठणठणीत होती.

माझ्या जागी एक बाई येणार होत्या. सुनंदाबाई. मंठ्याकडच्या शाळेवरून. त्यांचं आडनाव मी लिहिणार नाही — का, ते पुढे कळेल.

बघा, अजून मी आडवळणानंच चाललोय.

गावात मी चेहरा पाडून फिरलो. "सरकारी नोकरी आहे, हुकूम म्हणजे हुकूम," असं पारावर सगळ्यांना सांगितलं. आणि संध्याकाळी गणेशरावांकडे चहाला गेलो. गणेशराव म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले जुने जमीनदार, माझे स्नेही. त्यांना मी अमुक करा असं म्हटलं नाही. मी काही सांगतच नाही कधी — माझी रीतच ती. मी फक्त एक बातमी सांगितली. पलीकडच्या तालुक्यात एका गावानं त्यांच्या सरांसाठी शाळेला कुलूप लावलं, पोरं रडली, पेपरात फोटो आला, साहेब धावत आले, असं असं झालं म्हणे. एवढं बोललो आणि कपातला चहा बशीत ओतून पीत बसलो. गणेशराव माझ्याकडे बघत म्हणाले, "मंग आपलं गाव काय मेलंय का सर?"

म्हणजे ज्या कुलपाची गोष्ट जिल्हाभर सांगतात ते गावानं लावलं नाही. मी लावून घेतलं. एक कबुली झाली. हलकं वाटायला पाहिजे होतं ना? वाटत नाही. कारण ती खरी गोष्ट नाहीच. स्वतःची बदली थांबवायला खटपट कोण करत नाही? पुढाऱ्यांचे उंबरे झिजवणारे मी रोज बघतो. एवढंच असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता.

त्यानंतर मारुतीच्या देवळात बैठक झाली. तिच्याबद्दल आत्ता बोलत नाही. बोलायचं आहेच — पण आधी शाळेच्या फाटकावरचं सांगतो. ते त्या मानानं सोपं आहे.

जूनमधला शाळेचा पहिला दिवस. पावसाचा पत्ता नाही, सकाळी नऊलाच ऊन पोळत होतं. फाटकाला कुलूप, कुलपाला हार — हाराची कल्पना कोणाची, देव जाणे. माणसं जमलेली, घोषणा चाललेल्या — "आमचे सर आम्हाला द्या!" पोरं माझ्या पायांना धरून रडत होती. ती खरंच रडत होती, हे मला सांगितलं पाहिजे. पण आदल्या दिवशी त्यांना ओट्यावर बसवून, आता तुमचे सर तुम्हाला दिसायचे नाहीत रे, असं गळा दाटून कोण बोललं होतं? सात-आठ वर्षांची पोरं. त्यांना रडवणं काही अवघड नसतं. आणि गावातल्या बौद्ध वस्तीतली पोरं त्या दिवशी फाटकावर नव्हती. त्यांना घरच्यांनी पाठवलं नव्हतं. पेपरातल्या फोटोत ते कोणाला दिसत नाही, मला दिसतं.

सुनंदाबाई रिक्षातून उतरल्या. एका हातात आदेशाचा कागद आणि पिशवी, दुसऱ्या हाताला मुलगी. चार-पाच वर्षांची असेल. नवा फ्रॉक घातलेला, आणि कानाला मशीन. जन्मापासून ऐकू येत नव्हतं तिला. एवढ्या माणसांचा कालवा त्या मशीनमधून तिच्या कानात कसा गेला असेल कोण जाणे — तिनं ते काढलं आणि आईच्या हातात दिलं. बाईंनी ते मुठीत धरलं. मग गर्दीच्या मागून कोणीतरी काहीतरी बोललं. काय बोललं ते मी इथं लिहीत नाही. बाईंना ऐकू गेलं. मला कसं कळलं? त्यांनी मागं वळून बघितलं नाही. नुसतं मुलीला जवळ ओढलं. ज्याला तसलं ऐकायची सवय करून घ्यावी लागली आहे, तो माणूस वळून बघत नाही.

शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी आले होते. बाई त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होत्या, आणि मी हाताच्या अंतरावर उभा होतो. त्या म्हणत होत्या, जुन्या जालन्यात खोली घेतली आहे. मुलीला बोलायला शिकवतात तो वर्ग तिथून चालत जाण्यासारखा आहे, रोज न्यायला लागतं. मंठ्याकडून ते जमत नव्हतं. डॉक्टर म्हणाले हीच वर्षं आहेत, मग उपयोग नाही. म्हणून ही शाळा मागितली होती साहेब, जवळ आहे म्हणून. भांडायला नाही आले मी, शिकवायला आले.

हे सगळं मी ऐकलं. कानात बोळे घातले नव्हते मी. त्या क्षणी मी एक पाऊल पुढे टाकून, "कुलूप काढा रे, मी जातो," एवढंच म्हणायचं होतं. गावानं ऐकलं असतं. माझ्यासाठीच तर चाललं होतं ना सगळं! मी पोरांच्या डोक्यावरून हात फिरवत उभा राहिलो. तेवढ्यात फोटो निघाला. बायकोनं तो फ्रेम करून बैठकीत लावलाय. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो.

आता बैठक.

मारुतीच्या देवळात संध्याकाळी बैठक बोलावली होती. मला वाटलं होतं, मंडप अपुरा पडेल. इतकी वर्षं दिली मी या गावाला! माणसं किती आली? बोटांवर मोजण्याइतकी. पेरणीच्या तोंडावर कोणाला वेळ? आणि जी आली तीही थंड. एक जण म्हणाला, "सर चांगलेच हायेत, पण शाळेला कुलूप म्हंजे पोरांचंच लुकसान झालं ना." आणि मग उभा राहिला माझाच एक विद्यार्थी. जालन्यात बियाण्याच्या कंपनीत लागलेला. मी त्याला पहिलीत हाताला धरून अक्षर गिरवायला शिकवलं होतं. तो काही वाईट हेतूनं बोलला नाही. सरळ बोलला — "सर, राग मानू नका. तुम्ही आम्हाला जे शिकवलं तेच माझ्या पुतण्याला शिकवून राह्यले. त्याच शेळ्या, तेच अण्णा. नवीन कोणी येऊ द्या की. तुम्हालाही बरं, पोरांनाही बरं."

माझ्या अंगाची लाही झाली. का झाली? तो खरं बोलत होता म्हणून. जे मी त्या दिवशी गाडीवर स्वतःपासून लपवलं ते हा पोरगा चार लोकांत बोलत होता. आणि लोक माना डोलावत होते! बैठक मोडायला आली होती. एक-दोघं उठून चपला शोधत होते. आणखी एक मिनिट, आणि मी बिनबोभाट जांबकडे गेलो असतो.

तेव्हा गणेशरावांनी सहज विचारलं, "पण सर, तुमच्या जागी कोण येऊन राह्यलं?"

"सुनंदाबाई म्हणून आहेत," मी म्हणालो.

आणि इथं मी थांबू शकलो असतो. कोणी पुढं विचारलं नव्हतं. मी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात त्यांचं आडनाव सांगितलं. सावकाश. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बस. एवढंच केलं मी. कोणाची जात काढली नाही, वाईट शब्द बोललो नाही. कोर्टात उभं केलं तरी माझ्यावर काही शाबीत व्हायचं नाही. एका शिक्षिकेचं पूर्ण नाव सांगितलं — त्यात काय गुन्हा? पण मराठवाड्यातल्या खेड्यात जन्म गेलाय माझा. आडनाव कधी सांगायचं, कोणापुढे सांगायचं, आणि सांगून झाल्यावर किती वेळ गप्प बसायचं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. दर वर्षी जयंतीला शाळेत समतेवर भाषण मीच करायचो. चांगलं करायचो. वस्तीतली माणसं येऊन हात जोडायची.

चपला शोधणारे परत बसले. मग गणेशराव म्हणाले, "मंग तर सर, तुम्हाला सोडायचं न्हाईच. बिलकुल न्हाई." कोणी कारण विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. एकदम सगळ्यांना माझ्याबद्दल प्रेम दाटून आलं. तो बियाण्याच्या कंपनीतला पोरगा माझ्याकडे बघत होता. मग उठून गेला. त्यानंतर तो मला रस्त्यात भेटला की नमस्कार करत नाही. त्याला कळलंय. जिल्ह्यात हे कळलेला तो एकटाच, आणि आता तुम्ही.

लोकांच्या मनात ते आधीपासून नव्हतं का? होतं. पण बहुतेकांच्या मनात ते झोपलेलं होतं, आणि पेरणी झाली असती, पाऊस पडला असता, बाई येऊन शिकवायला लागल्या असत्या, चार महिन्यांत पोरं त्यांच्या मागं फिरली असती. गावं अशीच बदलतात, हळूहळू, कोणी नवं आल्यावर. मी ते झोपलेलं उठवलं. माझी वजाबाकी झाकायला.

पुढचं पटकन झालं. गावकऱ्यांच्या भावना लक्षात घेऊन, असं म्हणून माझी बदली थांबली. सुनंदाबाईंना कुठं पाठवलं असेल? जिथं मला जायचं होतं तिथंच, जांबच्या पलीकडे. काही दिवसांनी बाईंच्या समाजाची चार कार्यकर्ती माणसं चौकशीला आली. "सर, बैठकीत नेमकं काय झालं?" त्यांनी मला एकट्याला विचारलं, मी खरं सांगीन या विश्वासानं. मी म्हणालो, "तसं काही नाही हो. लोकांचं माझ्यावर प्रेम आहे, त्याला मी काय करू?" त्यांनी चहा घेतला आणि गेले.

आणि मी मुरलो. ज्या शाळेसाठी एवढं केलं तिथं मी काय दिवे लावले? तेच फळे, तेच तक्ते, त्याच शेळ्या. भिकाजीअण्णा वारले तरी मी त्यांना पळवतच होतो. नवीन पुस्तकं आली, नवीन पद्धती आल्या. मी कागद भरून दिले आणि जुनंच चालवलं. हळूहळू पालकांनी पोरं काढून जालन्याच्या इंग्रजी शाळेत घातली. सकाळी मी गावात शिरतो तेव्हा पिवळी गाडी पोरं घेऊन बाहेर पडत असते. गणेशरावांचा नातू खिडकीपाशी बसतो. मला हात करतो.

सुनंदाबाई त्या मोठ्या शाळेत गणित शिकवायला लागल्या. मग आणखी एका शाळेत, मग आणखी एका. प्रत्येक ठिकाणी काही ना काही शिकल्या असणार, कारण गेल्या वर्षी जालन्यात शिक्षकांचं प्रशिक्षण झालं तेव्हा शिकवायला समोर त्या उभ्या होत्या आणि मी शेवटच्या रांगेत. छान शिकवत होत्या. कुठल्याही गावाचं पोर समोर बसलं असतं तरी त्याला कळलं असतं, असं. तुम्ही म्हणाल, बघा, बदलीनं त्यांचं भलंच झालं की! हा विचार माझ्याही मनात आला होता, खोटं कशाला बोलू. चांगला वाटला. पण ते भलं त्यांनी स्वतः केलं, माझा त्यात काडीचा वाटा नाही. माझा वाटा दुसरीकडे आहे.

चहाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. सोबत मुलगी, आईच्या खांद्याला लागलेली. घरी कोणी नसतं म्हणून बरोबर आणली होती. मायलेकी हातांनी बोलत होत्या, भरभर, मधेच हसत. त्यात काही कमीपणा आहे असं नाही. पण बाईंनीच सांगितलं, अगदी सहज — बोलणं काही आलं नाही सर हिला. तिकडून जालना लांब, वर्ग सुटला, वर्षं निघून गेली. खोली सोडून द्यावी लागली होती. "एकदा 'आई' ऐकायचं होतं, तेवढंच," त्या म्हणाल्या, आणि लगेच दुसरं बोलायला लागल्या.

मी तयारीत होतो. आता ह्या विचारतील, मला काय बोलायचंय ते मी ठरवत होतो. त्या म्हणाल्या, "सर, त्या गावावर माझा राग होता, खूप वर्षं. आमच्यातल्या सगळ्यांचाच आहे. पण मी प्रत्येकाला सांगते, गाव सगळं तसलं नाही. तिथं एक सर होते. एवढ्या गर्दीत त्यांनी स्वतः माझ्या मुलीला पाणी दिलं, स्वतःच्या तांब्यानं. ज्यांची जागा घ्यायला मी आले होते, त्यांनीच. हिलासुद्धा मी हे सांगत आलेय लहानपणापासून. माणसांवरचा विश्वास उडू नये म्हणून."

मला आठवतच नव्हतं. मग आठवलं. विस्तार अधिकारी माझ्या कानाशी म्हणाले होते, पोरीला ऊन लागून चक्कर आली तर आपल्यावर येईल, काहीतरी बघा. मी तांब्या नेला होता. लवकर पाणी पाजावं आणि त्यांनी रिक्षात बसावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

हे मी बोललो का? नाही. बैठकीचं बोललो का? नाही. मी म्हणालो, "त्यात काय एवढं, मॅडम."

बाईंनी मुलीला हातांनी काहीतरी सांगितलं. माझ्याकडे बोट केलं. मुलीचे डोळे मोठे झाले, आणि ती खाली वाकली, माझ्या पायाला हात लावला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उठून माझ्या ओठांकडे बघत उभी राहिली, कारण मोठी माणसं अशा वेळी काहीतरी बोलतात हे तिला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "सुखी राहा."

तिनं ते ओठांवरून बरोबर ओळखलं, आणि हसली.